विश्लेषण : जुन्या गाडीतला ‘चेक इंजिन’चा दिवा विझला म्हणजे बिघाड गेला का? नेमके काय तपासावे?

जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावांत अनेक घरांतली पहिली चारचाकी ही दुसऱ्याच्या हातून आलेली असते. गाडी दहा-बारा वर्षे जुनी, ‘एमएच २१’ पासिंगची किंवा पुण्या-मुंबईकडून एनओसी आणून नावावर केलेली. लग्नसराई, बाजार, मुलांच्या परीक्षा आणि जालन्याचा दवाखाना, सगळी धाव या एकाच गाडीवर. अशा गाडीच्या मीटरवर एक दिवस इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. मग दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘काही होत नाही, चालू द्या.’ दुसरा, ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ पहिल्या सल्ल्याने इंजिनाचे नुकसान होऊ शकते, दुसऱ्याने खिशाचे. हा दिवा काय सांगतो, काय सांगत नाही आणि दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी कोणत्या क्रमाने तपासावे, हे समजून घेऊ या.

हा दिवा कशासाठी असतो?

धुराचे प्रदूषण आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बिघडली तर ते चालकाला कळावे, हा या दिव्याचा मूळ हेतू. त्याचे अधिकृत नाव ‘मालफंक्शन इंडिकेटर लॅम्प’. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी, असा नियम आणला. १९९६ च्या मॉडेलपासून ‘ओबीडी-२’ ही पद्धत संपूर्ण अमेरिकेत सक्तीची झाली. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकाच आकाराचे १६ पिनांचे सॉकेट आले आणि बिघाडाचे कोडही एकसारखे झाले.

गाडीतला संगणक, म्हणजेच ईसीयू, सेन्सरकडून सतत मापे घेत असतो. इंजिनात हवा किती आली, कूलंट किती तापले, जळलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, क्रँकशाफ्ट कोणत्या स्थितीत आहे, हे सारे तो पाहतो. एखादे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तो कोड नोंदवतो. बहुतेक बिघाड एकदाच दिसला म्हणून लगेच दिवा लागत नाही. पुढच्या फेऱ्यांतही तोच बिघाड दिसला तर लागतो. म्हणूनच दिवा लागला असेल, तर गाडीला तो दोष साधारणपणे एकापेक्षा जास्त वेळा दिसलेला असतो.

या दिव्याचा ब्रेक, क्लच, टायर किंवा स्टिअरिंगशी संबंध नाही. तो लागलेला नाही म्हणजे गाडी ठणठणीत आहे, असा अर्थ काढता येत नाही.

कोणत्या गाडीतून किती माहिती मिळते?

जुन्या गाडीत हा प्रश्न सर्वात आधी सोडवावा लागतो. भारतात बीएस-४ गाड्यांसाठी ओबीडीचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. मात्र २०१० मध्ये बीएस-४ देशभर नव्हते. सुरुवातीला ते दिल्ली परिसरासह १३ शहरांत आले. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. संपूर्ण देशात बीएस-४ लागू झाले ते १ एप्रिल २०१७ रोजी.

याचा अर्थ असा की २०१२ साली घेतलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी पुण्यात पासिंग झालेली बीएस-४, तर जालन्यात पासिंग झालेली बीएस-३ असू शकते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण स्कॅनर लावल्यावर मिळणारी माहिती वेगळी असते. म्हणून केवळ वर्ष पाहू नये. गाडी मुळात कुठे नोंदली गेली आणि एम-परिवहन ॲपवर तिच्या नावापुढे उत्सर्जनाचा कोणता टप्पा लिहिला आहे, तेही पाहावे.

ढोबळमानाने, बीएस-४ ची २०१३ नंतरची गाडी असेल तर साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवर बरीच माहिती मिळते. त्याआधीच्या अनेक इंजेक्शन गाड्यांत सॉकेट तेच असते, पण गाडी कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलते. स्वस्त अडॅप्टरला ती भाषा कळत नाही. तिथे गॅरेजमधला सर्व कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा स्कॅनरच लागतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत हा प्रश्नच येत नाही.

दिवा लागला की लगेच काय करावे?

आधी रंग आणि लुकलुक पाहावी.

दिवा पिवळा आहे, स्थिर आहे आणि गाडी नेहमीसारखी चालते आहे : घाबरण्याचे कारण नाही. वेग कमी ठेवून, जादा ओझे न लादता मुक्कामी पोहोचता येते. मात्र येत्या दोन-चार दिवसांत तपासणी करून घ्यावी. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने लांबचा प्रवास करण्याची ही वेळ नव्हे.

दिवा पिवळा आहे, पण लुकलुकतो आहे आणि गाडी झटके मारते : हे गंभीर आहे. इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो अतोनात तापतो. त्याच्या आतली जाळी वितळू शकते. वेग ताबडतोब कमी करावा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवावी. वाळलेले गवत, कडबा किंवा सोयाबीनचे भूस असलेल्या जागेवर अशी गाडी उभी करू नये, आग लागण्याचा धोका असतो.

लाल दिवा, मग तो ऑइलच्या डब्याचा असो वा तापमानाचा : गाडी थांबवून इंजिन बंद करावे. हा ‘चेक इंजिन’चा दिवा नव्हे आणि इथे ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ हा हिशेब इंजिनाच्या किमतीत जातो. सोबत रुग्ण असेल तर गाडी पुढे रेटण्यापेक्षा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्कॅनरआधी घरी काय पाहता येते?

बरेच काही, आणि तेही फुकट. इंजिन थंड असताना बॉनेट उघडावे.

वायरी : धान्य, सरकी किंवा मक्याची पोती जिथे साठवली आहेत, तिथेच गाडी उभी राहत असेल तर पहिला संशय उंदरांवर घ्यावा. सेन्सरची एक वायर कुरतडली गेली तरी दिवा लागतो. कुरतडलेले आवरण, लेंड्या, सुटलेले कनेक्टर शोधावेत. नुकतीच सर्व्हिसिंग किंवा दुसरे काही काम झाले असेल आणि त्यानंतरच दिवा लागला असेल, तर काम झालेल्या भागातला एखादा प्लग नीट बसवायचा राहून गेला आहे का, ते आधी पाहावे.

बॅटरी : अशक्त बॅटरीमुळे एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकदम येऊ शकतात. साध्या मल्टिमीटरने मोजल्यास रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि इंजिनाला जोडलेली अर्थची सैल वायर याही गोष्टी पाहाव्यात.

हवा : एअर फिल्टर धुळीने भरला आहे का? फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीला चीर गेली आहे का? बारीक व्हॅक्युम नळ्या कडक होऊन तडकल्या आहेत का? दहा वर्षांच्या उन्हाने रबर तडकणे स्वाभाविक आहे.

ऑइल आणि कूलंट : दोन्हींची पातळी पाहावी. कूलंटचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये.

‘टाकीचे झाकण घट्ट करा’ हा सल्ला किती खरा?

इंटरनेटवर शोधले की पहिला उपाय हाच दिसतो. तो अमेरिकेतल्या गाड्यांसाठी ठीक आहे. तिथे पेट्रोलची वाफ टाकीतून गळते का, हे गाडीने स्वतः तपासणे सक्तीचे आहे. त्यामुळे झाकण सैल राहिले तरी दिवा लागतो. भारताचे नियम युरोपच्या नियमांवर बेतलेले आहेत आणि त्यांत अशा गळतीच्या तपासणीची अमेरिकेसारखी सक्ती नव्हती. म्हणून इथल्या जुन्या गाडीत झाकण घट्ट करून दिवा विझेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. झाकण नीट लावावेच, पण कारण दुसरीकडे शोधावे.

स्कॅनरवर दिसणारा कोड कसा वाचायचा?

सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असते. ‘ईएलएम ३२७’ प्रकारचे ब्लूटूथ अडॅप्टर काहीशे रुपयांपासून ऑनलाइन मिळतात. आयफोनला साधे ब्लूटूथ अडॅप्टर अनेकदा जोडले जात नाहीत. त्यासाठी वाय-फायचे किंवा आयफोनला चालणारे अडॅप्टर घ्यावे. काम झाले की अडॅप्टर काढून ठेवावे, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते.

कोड एक अक्षर आणि चार आकड्यांचा असतो. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. त्यापुढचा आकडा शून्य असेल तर तो सर्व कंपन्यांना समान कोड, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. त्याच्या पुढचा आकडा विभाग सांगतो. १ आणि २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसिंग, ४ म्हणजे धुराची यंत्रणा, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग.

कोड लिहून घ्यावा, त्याचा फोटो काढावा आणि त्याच वेळी ‘फ्रीझ फ्रेम’ उघडावी. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, गाडीचा वेग किती, इंजिन थंड की गरम, याचे ते टिपण असते. मिस्त्रीला ‘कधीतरी लागतो’ असे सांगण्यापेक्षा हे टिपण दाखवणे कितीतरी उपयोगी. कोड पुसला की तेही पुसले जाते. म्हणून ‘आधी डिलीट करून बघू’ हा उलटा क्रम आहे.

कोड आला म्हणजे तोच पार्ट खराब का?

नाही, आणि सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात. कोड म्हणजे पोलिस ठाण्यात आलेली तक्रार. आरोपी कोण, ते तपासानंतर ठरते.

समजा, २०१४ ची एक पेट्रोल हॅचबॅक आहे. दिवा लागला, कोड आला ‘पी ०१७१’. त्याचा अर्थ मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ही माहिती ऑक्सिजन सेन्सरने दिली, म्हणून अनेकदा ऑक्सिजन सेन्सरच बदलला जातो. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. कारण सेन्सर खरे बोलत होता. हवा खरोखरच जास्त येत होती.

या कोडमागे चार प्रमुख कारणे असू शकतात. तडकलेल्या नळीतून शिरणारी चोरटी हवा, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ, चोंदलेला पेट्रोल फिल्टर किंवा थकलेला पंप आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरला पडलेली चीर.

यातले कोणते, हे ‘फ्युएल ट्रिम’ या आकड्यावरून बरेच कळते. ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतो आहे, ते हा आकडा दाखवतो. हवेचे थेट माप घेणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत न्यूट्रलला ट्रिम खूप वर आणि २५०० फेऱ्यांवर रेस दिल्यावर तो खाली येत असेल, तर चोरट्या हवेचा संशय बळावतो. उलट न्यूट्रलला ठीक, पण चढावर किंवा वेगात ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे. दोन्ही वेळा ऑक्सिजन सेन्सर निर्दोष असू शकतो. चालत्या गाडीत हे आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत, चालकाने नव्हे.

आणखी एक सोपी कसोटी आहे. सकाळी थंड इंजिनावर फक्त चावी ‘ऑन’ करून कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही बाहेरच्या हवेइतके असायला हवेत. जालन्याच्या उन्हाळ्यात ॲपवर उणे ४० अंश दिसले, तर सेन्सरचे सर्किट तुटले आहे. नवा सेन्सर आणण्याआधी प्लग आणि वायर पाहावी.

मिसिंगचा दोष कसा शोधतात?

‘पी ०३००’ म्हणजे एकाहून अधिक किंवा अनिश्चित सिलिंडरमध्ये मिसिंग. ‘पी ०३०१’ ते ‘पी ०३०४’ या कोडमध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा ‘पी ०३०३’ आला. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावावी, कोड पुसून गाडी चालवावी. आता ‘पी ०३०२’ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. कोड तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल सुटली. मग हाच अदलाबदलीचा प्रयोग स्पार्क प्लगवर करावा. तरीही कोड हलला नाही, तर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासावे.

या पद्धतीला नवा पार्ट लागत नाही, वेळ लागतो. मिस्त्रीला त्या वेळेची मजुरी देणे हे अंदाजाने आणलेल्या पार्टपेक्षा स्वस्त पडते. सरसकट चारही कॉइल बदलण्याआधी ही चाचणी झाली का, हे विचारायला संकोच करू नये.

‘पी ०४२०’ आला तर कन्व्हर्टर बदलावाच लागतो का?

हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असे सांगतो. या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असल्याने तो महागडा असतो. त्याच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. चांगल्या गाडीत गरम इंजिनावर पहिल्याचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ दरम्यान सतत वर-खाली होते आणि दुसऱ्याचे बरेचसे स्थिर राहते. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला तर कन्व्हर्टरवर संशय येतो. मात्र सायलेन्सरची गळती आणि जुने मिसिंग आधी दूर करावे. कारण तसेच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही जातो.

जुन्या गाडीत आणखी एक शक्यता असते. आधीच्या कुणीतरी कन्व्हर्टर काढून त्याजागी नुसता पाइप जोडलेला असतो किंवा आतली जाळी फोडलेली असते. गाडी खरेदी करताना ती रॅम्पवर घेऊन खालून पाहणे त्यासाठीच गरजेचे.

‘ई-२०’ पेट्रोलचा काही संबंध आहे का?

गणित पाहू. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला सुमारे ९ किलो पुरते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी हे प्रमाण साधारण १३.५ वर येते. म्हणजे तेवढ्याच हवेला ईसीयूला थोडे जास्त इंधन सोडावे लागते आणि ट्रिम काही टक्के वर सरकतो.

मिश्रण पातळ असल्याचा कोड साधारणपणे ट्रिम २०-२५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर येतो. त्यामुळे निरोगी गाडीत केवळ ई-२० मुळे दिवा लागण्याची शक्यता कमी. मात्र जिथे नळीत आधीच बारीक गळती आहे किंवा पंप थकला आहे, तिथे राखीव जागा कमी उरते. म्हणून ‘पेट्रोलमुळेच झाले’ म्हणून विषय संपवू नये. ई-२० शी सुसंगत गाड्या कंपन्यांनी २०२३ पासून बाजारात आणल्या. त्याआधीच्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या, रबरी सील यांची पाहणी प्रत्येक सर्व्हिसिंगला करून घ्यावी. नंतर बसवलेल्या सीएनजी किटच्या गाडीत कोड गॅसवर आला की पेट्रोलवर, ही नोंदही महत्त्वाची आहे. केवळ गॅसवर येत असेल तर किटचे ट्यूनिंग तपासावे.

डिझेल गाडीचे काय?

डिझेलमध्ये पिवळ्या स्प्रिंगच्या आकाराचा ग्लो प्लगचा दिवाही असतो. काही गाड्यांत तो लुकलुकून इंजिनाचा दोष सांगतो. त्यामुळे गाडीसोबतचे माहितीपुस्तक जपून ठेवावे. जुन्या कॉमन रेल डिझेलमध्ये काजळीने अडकलेला ईजीआर वॉल्व्ह, टर्बोची सुटलेली किंवा फाटलेली नळी, चोंदलेला डिझेल फिल्टर ही नेहमीची कारणे. पिकअप अचानक कमी झाला असेल तर टर्बो बदलण्याची चर्चा करण्याआधी त्याच्या नळ्या आणि क्लिपा हाताने तपासाव्यात. डिझेल फिल्टरमध्ये साठलेले पाणी काढायचे राहून गेले असेल तर तेही वेळेवर करावे.

कोड पुसला तर काय होते?

स्कॅनरवर एक बटन दाबले किंवा अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीची वायर काही वेळ काढून ठेवली की दिवा विझतो. बिघाड तसाच असेल तर काही दिवसांत तो पुन्हा लागतो. खरी दुरुस्ती झाली असेल तर न पुसताही गाडी स्वतः दिवा विझवते. साधारणपणे दोषाशिवाय सलग तीन फेऱ्या झाल्या की दिवा जातो आणि इंजिन ४० वेळा थंडाचे गरम झाल्यावर कोडची नोंदही निघते.

पुसण्याची एक खूण मात्र मागे राहते. कोड पुसताच ‘रेडिनेस मॉनिटर’ म्हणजे गाडीच्या आत्मपरीक्षणाच्या नोंदी अपूर्ण होतात. वेगवेगळ्या वेगाने काही दिवस गाडी चालल्यावरच त्या पूर्ण होतात. अनेक गाड्यांत कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि दिवा लागलेला असताना किती चालली, हेही ॲपवर दिसते.

जुनी गाडी घेताना याचा उपयोग कसा?

व्यवहाराआधी पाच मिनिटांत चार गोष्टी पाहता येतात.

पहिली, इंजिन सुरू न करता चावी ‘ऑन’ करावी. ‘चेक इंजिन’चा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागत नसेल, तर बल्ब गेला आहे किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केला आहे.

दुसरी, स्कॅनर लावून रेडिनेस मॉनिटर पाहावेत. रोज वापरातली म्हणून सांगितलेली गाडी आणि मॉनिटर मात्र अपूर्ण, ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ ८-१० किलोमीटर, असे दिसले तर सरळ विचारावे : परवा काय पुसले? उत्तर पटण्यासारखेही असू शकते, नवी बॅटरी टाकल्यावरही काही गाड्यांत असे होते. पण मग आणखी शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा स्कॅन करू देण्याची अट घालावी.

तिसरी, गाडी थंड इंजिनावर सुरू करून पाहावी आणि कूलंटचे तापमान हळूहळू चढून एका जागी स्थिरावते का, ते बघावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकण्याचा जुना ‘उपाय’ केला असेल, तर इंजिन लवकर गरम होत नाही, ॲव्हरेज पडतो आणि काही गाड्यांत त्याचा कोडही येतो. तापण्याचे मूळ कारण तसेच राहिलेले असते, ते वेगळेच.

चौथी, सुटे भाग मिळतात का? जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा गाड्या स्वस्तात मिळतात, पण नेमका हवा तो सेन्सर किंवा ईसीयू जालन्यात मिळेल का, याची चौकशी बयाणा देण्याआधी करावी.

पीयूसीवर परिणाम होतो का?

पीयूसी केंद्रात दिव्याऐवजी धूर मोजतात. बीएस-४ पेट्रोल कारसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत असावे लागते. मिसिंग, बाद ऑक्सिजन सेन्सर किंवा निकामी कन्व्हर्टर असलेली गाडी इथे अडकू शकते. वैध पीयूसी नसल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय घट्ट मिश्रणावर चालणारी गाडी पेट्रोल जास्त पिते, ते नुकसान रोजचे.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

मिस्त्रीवर संशय घ्यायची गरज नाही, प्रश्न मात्र नेमके विचारावेत.

• कोणता कोड आला? पुसण्याआधी फोटो काढू द्या.
• हा पार्ट खराब आहे, हे कोणत्या चाचणीवरून ठरवले?
• वायर, प्लग, नळी आणि अर्थ तपासली का?
• जुना पार्ट परत द्याल का? नव्याचे बिल आणि वॉरंटी किती दिवसांची?
• दुरुस्तीनंतर मॉनिटर पूर्ण होईपर्यंत गाडी चालवून पुन्हा स्कॅन कराल का?

गाडीच्या कागदपत्रांसोबत एक छोटी वही ठेवून तारीख, किलोमीटर, कोड आणि केलेले काम लिहून ठेवावे. पुढच्या वेळी दिवा लागला तर मिस्त्रीला सुरुवात कुठून करायची ते कळेल. आणि गाडी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याला दाखवायला हीच वही उपयोगी पडेल.